मोडलेला नमुना आणि न मोडलेली तुळई

लाकूड किती भार सोसेल हे ते मोडेपर्यंत कळत नाही, आणि मोडलेले लाकूड छपराला चढत नाही. इमारती लाकडाच्या परीक्षणात ही अडचण मुळातच आहे. जो तुकडा तपासला तो संपला. जी तुळई घरात बसली ती कुणी मोडून पाहिलेली नसते. तरी अभियंता आकडेमोड करून तुळईची जाडी ठरवतो, सुतार ती चढवतो आणि माणसे तिच्याखाली निर्धास्त झोपतात. एका वस्तूवर केलेल्या प्रयोगावरून दुसऱ्याच, कधीही न तपासलेल्या वस्तूविषयी निश्चयाने बोलायचा अधिकार कुठून येतो? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न अनुमानाच्या प्रामाण्याचा प्रश्न म्हणून शतकानुशतके घासूनपुसून पाहिला. त्या वादात आलेली उदाहरणे सरपणाची, झाडांची आणि कठीण-मऊ पदार्थांची आहेत, त्यामुळे तो वाद लाकूड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नेणे मुळीच ओढूनताणून ठरत नाही.

प्रयोगशाळेत नेमके काय होते ते आधी पाहायला हवे. भारतात या तपासणीची रीत आय. एस. १७०८ या मानकात ठरवून दिली आहे. गाठ, चीर किंवा तिरके तंतू नसलेला निर्दोष तुकडा निवडतात आणि ५ सेंमी रुंद, ५ सेंमी जाड, ७५ सेंमी लांब असा रंधून घेतात. लाकूड कमी असेल तर २ सेंमी चौरस आणि ३० सेंमी लांब. मोठा नमुना ७० सेंमी अंतरावरच्या दोन आधारांवर आडवा ठेवून मध्यावर ठरावीक संथ गतीने दाब वाढवत नेतात. सुरुवातीला दाब आणि वाक सारख्याच प्रमाणात वाढतात. या टप्प्यात दाब काढला तर नमुना पुन्हा सरळ होतो. पुढे तो दाबाच्या मानाने जास्त वाकू लागतो. वरच्या अंगाला, जिथे तंतू दाबले जातात, तिथे बारीक आडवी सुरकुती उमटते. उजेड तिरका पडला नाही तर ती दिसतही नाही. मग खालच्या, ताणलेल्या अंगाचे तंतू कडकडत तुटतात. चिवट लाकूड लांब ढलप्या काढत मोडते, ठिसूळ लाकूड जवळजवळ सपाट तुटते. तुटलेल्या जागेलगतचा एक बारका ठोकळा लगेच कापून तोलतात, सुमारे १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवतात आणि पुन्हा तोलतात. मोडताना लाकडात किती टक्के पाणी होते ते या फरकावरून निघते. दाबाच्या आकड्याइतकाच हा ओलाव्याचा आकडा महत्त्वाचा आहे, आणि त्याचे कारण तर्कशास्त्रातही सापडते.

या मोजणीतून दोन मुख्य गोष्टी हाती येतात: मोडतानाचा ताण, म्हणजे ताकद, आणि वाकायला होणारा विरोध, म्हणजे ताठपणा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत (स्थापना १९०६) भारतीय लाकडांची अशी मोजणी अनेक दशके झाली. सागाला १०० धरून इतर जातींचे निर्देशांक काढायची पद्धत तिथे रूढ झाली. बांधकामाच्या मानकात, आय. एस. ८८३ मध्ये, लाकडांचे तीन गट आहेत. पहिल्या गटासाठी ताठपणा १२,६०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर आणि वाकतानाचा अनुज्ञेय ताण १८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर असावा लागतो.  साग या गटात बसत नाही. तो दुसऱ्या गटात येतो. देवदार तिसऱ्या. सागाची थोरवी वाळवीला दाद न देण्यात, ऊनपावसात न फुगण्या-आकसण्यात आणि हत्याराखाली नीट कामी येण्यात आहे. नुसत्या ताकदीत त्याला मागे टाकणारी लाकडे याच देशात उगवतात. मोजले नसते तर सागाच्या कीर्तीलाच ताकदीचा पुरावा मानले गेले असते, आणि पुष्कळ ठिकाणी आजही तसेच मानले जाते.

आता आक्षेप. चार्वाकांच्या मते प्रत्यक्ष तेवढेच प्रमाण. धूर दिसला म्हणून विस्तव आहे असे म्हणायचे तर ‘जिथे धूर तिथे विस्तव’ हा नियम, म्हणजे व्याप्ती, आधी ठाऊक असायला हवी. पण भूत, भविष्य आणि दूरदेशीचे सगळे धूर कुणी पाहिलेले नाहीत. दुसऱ्या अनुमानाने व्याप्ती सिद्ध करावी तर त्या अनुमानाला तिसरी व्याप्ती लागते, आणि ही साखळी कुठे थांबत नाही. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकमताची हीच बाजू मांडली आहे. युरोपात डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात स्वतंत्रपणे जवळपास याच जागी बोट ठेवले. लाकडाच्या बाबतीत हा आक्षेप आणखी टोचतो. धुराचे निदान पुन्हा पुन्हा निरीक्षण तरी करता येते. इथे निरीक्षण म्हणजे नाश. छपरावरच्या तुळईची ताकद प्रत्यक्षाने जाणायचा एकच मार्ग आहे, आणि तो चोखाळला की घर उरत नाही.

न्यायशास्त्रातली अनुमानाची रचना या परिस्थितीला नेमकी लागू पडते. जिच्याविषयी सिद्ध करायचे ती तुळई हा पक्ष. ‘अमुक भार सोसेल’ हे साध्य. जिथे साध्य आधीच निश्चित झाले आहे ते मोडलेले नमुने म्हणजे सपक्ष. आणि दोघांत आढळणारी, साध्याकडे बोट दाखवणारी खूण म्हणजे हेतू. अनुमान उभे राहायला दोन गोष्टी लागतात: हेतू आणि साध्य यांची व्याप्ती, आणि तोच हेतू पक्षाच्या ठिकाणी खरोखर आहे याची खात्री, म्हणजे पक्षधर्मता. नमुने मोडून पहिली गोष्ट मिळते. दुसरी न मोडलेल्या तुळईतच शोधावी लागते. लाकडाच्या व्यवहारातल्या बहुतेक चुका या दुसऱ्या जागी होतात. आकडे बरोबर असतात. ते ज्या लाकडाला लावले ते लाकूडच वेगळे असते.

पण हेतू कोणता घ्यायचा? सहज सुचणारे उत्तर म्हणजे जात. हा साग आहे, मोडून पाहिला तोही साग होता, तेव्हा ताकदही तीच. नव्य नैयायिकांनी मांडलेल्या ‘सामान्यलक्षण’ या अलौकिक सन्निकर्षाला असे उत्तर सोयीचे आहे: एका धुरात धूमत्व दिसले की त्या सामान्याच्या द्वारा सगळ्या धुरांचे भान होते. रघुनाथ शिरोमणींसारख्या नैयायिकानेच पुढे ही कल्पना नाकारली, आणि लाकडाच्या तपासणीत तर ती पहिल्या दिवशीच कोलमडते. एकाच जातीचे, निर्दोष, सारख्याच ओलाव्याचे नमुने मोडले तरी त्यांच्या ताकदीतले विचलन सरासरीच्या साधारण १६ टक्के भरते. ताकद सागत्वात असती तर प्रत्येक नमुना एकाच आकड्याला मोडला असता.

सातव्या शतकातले बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी या जागी फार कामाचा भेद केला. त्यांच्या मते खात्रीचा संबंध दोनच प्रकारचा असू शकतो: तादात्म्य किंवा तदुत्पत्ती. पहिल्याचे प्रसिद्ध उदाहरण शिंशपेचे, म्हणजे आज शिसम म्हणून विकल्या जाणाऱ्या झाडाचे. एखादी वस्तू शिंशपा असेल तर ती वृक्ष असतेच, कारण वृक्ष असणे हे शिंशपा असण्याच्या आतच येते. दुसऱ्याचे उदाहरण धुराचे. धूर विस्तवापासून उपजतो म्हणून तो विस्तवाची खात्री देतो. आता विचारावे, शिसम असण्याच्या आत चौरस मिलिमीटरला १५ न्यूटनचा ताण सोसणे येते काय? येत नाही. शिसमाचे दुबळे, पोकळ, बुरशी लागलेले झाडही शिसमच असते. म्हणजे ताकद तादात्म्याने सिद्ध होणार नाही. ती कुठून उपजते तेच शोधले पाहिजे. हे शोधता येते, आणि लाकूडशास्त्राने ते बऱ्याच अंशी शोधले आहे. एक घनसेंटीमीटर लाकडात पेशींच्या भिंतींचा भरीव ऐवज किती, म्हणजे घनता. त्या भिंतींतले सूक्ष्म तंतू खोडाच्या दिशेशी किती कोन करतात. लाकडाचे धागे तुकड्याच्या लांबीला समांतर आहेत की तिरके. आणि आत पाणी किती. धागे दर दहा सेंटीमीटरला एक सेंटीमीटर तिरके गेले तर वाकण्यातली ताकद सुमारे एकपंचमांश घटते. ही कारणे ज्या दोन तुकड्यांत समान, त्यांतला एक दुसऱ्याची साक्ष देऊ शकतो. नावाचे साम्य एवढी साक्ष देत नाही.

न्यायग्रंथांत एक आक्षेप येतो, तो लाकूडपरीक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’वरच्या आपल्याच ‘दीपिका’ टीकेत तो नोंदवला आहे. पार्थिव पदार्थावर लोखंडाने ओरखडा उठतो हे शेकडो ठिकाणी दिसते. म्हणून ‘जे जे पार्थिव ते ते लोखंडाने ओरखडणारे’ असा नियम करावा, तर हिरा तो मोडतो. पदार्थाचा कठीणपणा जोखायची ही परीक्षाच आहे, आणि नुसत्या संख्येने नियम सिद्ध होत नाही हे दाखवायला ती वापरली आहे. नैयायिकांचे उत्तर असे की पुष्कळदा एकत्र पाहणे पुरेसे नाही. व्यभिचार, म्हणजे नियम मोडणारे उदाहरण, कुठे आढळत नाही ना हे पाहावे, आणि संबंध एखाद्या उपाधीवर, म्हणजे न सांगितलेल्या अटीवर, तर अवलंबून नाही ना, हे तपासावे.

उपाधीचे शास्त्रातले ठरलेले उदाहरण म्हणजे ओले सरपण. धुरावरून विस्तव सिद्ध होतो, पण विस्तवावरून धूर सिद्ध होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओले असावे लागते. हा ओलावा लक्षात न घेता केलेला नियम फसतो. लाकडाच्या ताकदीचा नियमही नेमक्या याच उपाधीने फसतो. झाड तोडल्यावर पेशींच्या पोकळ्यांतले पाणी आधी जाते; तोवर ताकदीत फरक पडत नाही. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतले पाणी सुटू लागते, भिंती घट्ट होतात आणि ताकद चढू लागते. त्या पातळीखाली ओलावा एका टक्क्याने उतरला की वाकण्यातली ताकद ढोबळ मानाने ४ टक्के वाढते, दाब सोसायची ताकद त्याहून जास्त. म्हणून जगभर आकडे १२ टक्के ओलाव्याला आणून मांडतात. उन्हाळ्यात विदर्भातल्या वखारीत पडून वाळलेला वासा आणि श्रावणात कोकणात नुकताच कापलेला वासा एकाच झाडाचे असले तरी ते एकमेकांची साक्ष देऊ शकत नाहीत. भट्टीतल्या त्या बारक्या ठोकळ्याचे काम म्हणजे उपाधी उघडी करणे.

स्थानिक लाकडाची वेगळी तपासणी का लागते, याचे उत्तर इथपर्यंत तयार झाले आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच विस्तवावर शिजलेली असतात. झाडांना असे एक भांडे नसते. पाऊस, माती, उतार, दोन झाडांमधले अंतर, वय आणि बियाण्याचे कूळ मिळून झाडाची घनता आणि धाग्यांची ठेवण ठरते. एका प्रदेशात, एका रीतीने वाढलेल्या झाडांत ही कारणे बऱ्याच अंशी समान असतात. म्हणून तपासणीच्या दृष्टीने प्रदेश हेच भांड्याच्या सर्वांत जवळचे. नमुने कुठल्या झाडांतून आणि ओंडक्याच्या कोणत्या भागातून घ्यायचे, याला आय. एस. २४५५ हे स्वतंत्र मानक आहे ते याचसाठी. झाडाच्या मध्याजवळचे, कोवळ्या वयात घातलेले लाकूड आणि बाहेरचे प्रौढ लाकूड यांतही फरक असतो. नमुने फक्त चांगल्या बाजूचे निवडले तर मोडण्याचा प्रयोग कितीही काटेकोर केला तरी निष्कर्ष खोटा निघतो.

सागाचाच दाखला घेतला तर गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातला साग नावाजलेला आहे. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले. त्याच वेळी भारताच्या बाजारात इक्वेडोर, घाना, कोस्टारिका इथल्या लागवडीतला कोवळा साग विकला जातो, आणि वखारीत दोन्ही ‘साग’च. डेहराडूनच्या जुन्या तक्त्यातला आकडा या आयात ओंडक्याला आपोआप लागू होत नाही. तो कमी असेल असेही आधीच ठरवता येत नाही, हे विशेष. ‘सावकाश वाढलेले लाकूड मजबूत’ ही समजूत सूचिपर्णी झाडांत पुष्कळ खरी आहे. ब्रिटनमध्ये १८३१ साली आणलेला सिटका स्प्रूस तिथल्या ओलसर हवेत झपाट्याने वाढतो, त्याची वर्षवलये रुंद आणि लाकूड हलके होते. म्हणून तिथे पिकलेले हे लाकूड सहसा सी-१६ या वर्गात बसवतात, म्हणजे त्याची हिशेबी ताकद १६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात. पण सागासारख्या वलयरंध्री झाडात वलय रुंद झाले की बहुधा त्यातला दाट भाग रुंदावतो, आणि वेगाने वाढल्यामुळे लाकूड दुबळे झाले असे सरसकट म्हणता येत नाही. एकच नियम एका कुळात टिकतो, दुसऱ्यात मोडतो. अन्नंभट्टांचा हिरा इथे झाडाच्या रूपाने समोर येतो.

उलट दिशेनेही अन्याय होतो. कोकणात सामाजिक वनीकरणाच्या काळात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, बांधावरचा सिल्व्हर ओक, निलगिरी यांना बांधकामात फारसे कुणी विचारत नाही. ही सरपणाची लाकडे, यांच्यात ताकद नाही, असे बोलले जाते. मीमांसकांनी आणि नैयायिकांनी अभावाच्या ज्ञानाला एक अट घातली आहे: वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती असेल, तरच ‘दिसली नाही’ यावरून ‘नाही’ ठरते. उजेडातल्या जमिनीवर घडा दिसत नाही म्हणून तो नाही असे म्हणता येते. अंधारात तसे म्हणता येत नाही. ज्या भागातल्या लाकडाची तपासणीच झाली नाही, तिथे ताकदीचा पुरावा नसणे हे अंधारात घडा न दिसण्यासारखे आहे. निलगिरीला तडे जातात, ती पिळवटते, हे दोष खरे आहेत आणि ते खोडात वाढताना साठलेल्या ताणांमुळे येतात. पण ते वाळवण्याचे आणि चिरकामाचे दोष झाले. त्यावरून तिला दुबळी ठरवणे म्हणजे एका साध्याचा पुरावा दुसऱ्याला लावणे. स्थानिक लाकूड तपासून वापरात आणण्याचे काम वनशेती करणाऱ्यांच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, हे यावरून कळावे.

निर्दोष बारक्या नमुन्यावरून मोठ्या तुळईकडे जाताना आणखी एक खिंड ओलांडावी लागते. खऱ्या तुळईत गाठी असतात, धागे वळलेले असतात, कडेला चीर असते. फ्रान्समध्ये निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच ओकच्या मोठमोठ्या तुळया प्रत्यक्ष मोडून दाखवले होते की लहान तुकड्यांच्या आकड्यांचा नुसता गुणाकार करून मोठ्या तुळईची ताकद मिळत नाही. तरी बारके नमुने स्वस्त आणि सोयीचे असल्याने जगात तीच रीत चालली. १९७० च्या दशकात कॅनडात बोर्ग मॅडसेन यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या पूर्ण आकाराच्या फळ्या आणि तुळया आहेत तशा मोडायचा आग्रह धरला. निर्दोष लाकूड ज्या कारणाने मोडते त्याच कारणाने गाठीचे लाकूड मोडत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले; गाठीभोवती धागे वळतात, तिथे आडवा ताण येतो, आणि लाकूड आडव्या ताणाला फार कच्चे असते. युरोपीय पद्धतीत आज पूर्ण आकाराचे नमुने उंचीच्या १८ पट अंतरावर ठेवून दोन ठिकाणी भार देऊन मोडतात. सपक्ष जितका पक्षासारखा, तितके अनुमान सुरक्षित. या खर्चिक पद्धतीचे समर्थन एवढ्या एका वाक्यात होते.

मग पक्षधर्मता. छपराला जाणाऱ्या प्रत्येक तुळईत ती खूण आहे की नाही हे कसे पाहायचे? जुनी रीत डोळ्यांची आणि कानांची आहे. सुतार तुळईच्या टोकाशी डोळा लावून पीळ बघतो, गाठ कडेला आहे की मध्यावर ते पाहतो, वजन हातात तोलतो, ठोकून आवाज ऐकतो. बद्द आवाज आला तर आत किडणे किंवा पोकळी असण्याचा संशय घेतो. हे अंधश्रद्ध अंदाज नव्हेत. लाकडातून ध्वनी किती वेगाने जातो हे त्याच्या ताठपणावर आणि घनतेवर ठरते, आणि आजची उपकरणे टोकावर हातोडी मारून नेमके तेच मोजतात. काही कारखान्यांत प्रत्येक फळी यंत्रातून जाताना किंचित वाकवली जाते आणि तिचा ताठपणा नोंदला जातो. ताठपणा ताकदीशी बऱ्यापैकी जोडलेला आहे. हे जोडलेपण नमुने मोडून आधी ठरवलेले असते. मोडलेल्या लाकडांनी नियम दिला आणि न मोडलेल्या फळीने स्वतःची खूण दिली, अशी ही विभागणी आहे. जातीच्या नावावर टाकलेला विश्वास इथे एकेका वस्तूपर्यंत येऊन पोहोचतो.

प्राचीन ग्रंथांतली वृक्षपरीक्षा या संदर्भात वाचण्यासारखी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात जाण्याचे प्रकरण आहे. स्मशानातले, देवळाजवळचे, वाटेवरचे, वारुळावरचे झाड घेऊ नये. वीज पडलेले, वाऱ्याने मोडलेले, आगीने होरपळलेले, वेलींनी आवळलेले, वाळलेले झाड घेऊ नये. आणि तोडण्याआधी झाडाची पूजा करून त्यावर राहणाऱ्या भूतांना दुसरीकडे जाण्याची विनंती करावी. या यादीत दोन प्रकारची कारणे शेजारी शेजारी बसली आहेत. वीज, आग, वादळ आणि वेल यांनी लाकडात खरोखर चिरा, वळसे आणि किडीला वाव निर्माण होतो. हे निषेध ताकदीचे हेतू म्हणून उभे राहू शकतात. स्मशानाचा निषेध तसा नाही. तो झाड कुणाचे आहे आणि त्याला हात लावायचा अधिकार आहे का, या प्रश्नाचा आहे. कोकणातल्या देवराईतले लाकूड देवळाच्या दुरुस्तीलाच, आणि तेही देवाचा कौल घेऊन तोडण्याची चाल याच दुसऱ्या प्रकारची. कौल मिळाला म्हणून वासा जास्त भार उचलत नाही, आणि यंत्रावर वासा मजबूत ठरला म्हणून देवराई तोडायचा हक्क मिळत नाही. दोन्ही प्रश्न धर्माच्या आणि ज्ञानाच्या दृष्टीने खरे आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला देणे हा दोष.

एवढे सगळे केल्यावरही शंका शिल्लक राहते, आणि ती दोन बाजूंनी. पहिली काळाची. प्रयोगात लाकूड काही मिनिटांत मोडते. छप्पर मात्र पिढ्यान्‌पिढ्या भार वाहते. लाकूड सतत भाराखाली हळूहळू थकते. अमेरिकेतल्या मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेत लायमन वुड यांनी १९५१ साली मांडलेल्या आलेखानुसार, मिनिटांत मोजलेल्या ताकदीच्या सुमारे ६२ टक्केच भार लाकूड दहा वर्षे सतत पेलू शकते. दुसरी शंका विचलनाची. सरासरी आकडा धरला तर निम्मी लाकडे त्याच्या खाली असणार. म्हणून अनेक देशांत हिशेबासाठी असा आकडा घेतात की ज्याच्या खाली शंभरात पाचच नमुने मोडावेत. १६ टक्के विचलन असेल तर तो सरासरीच्या पाऊणपटीच्या आसपास येतो. भारतीय पद्धतीत सरासरीला मोठ्या सुरक्षागुणकाने भागून अनुज्ञेय ताण काढतात. रीत वेगळी, पण दोन्हींत एक कबुली आहे: व्याप्ती पूर्ण सिद्ध झालेली नाही, आणि जितकी सिद्ध झाली नाही तितकी जाडी तुळईत जास्त घातली आहे.

शंभरात पाच हा आकडा लाकडाने सांगितलेला नाही. दहा का नाही, एक का नाही, याचे उत्तर कोणत्याही यंत्रातून निघत नाही. किती धोका पत्करायचा, कुणाच्या डोक्यावर पत्करायचा, शाळेच्या छपराला आणि गोठ्याला एकच माप लावायचे का, हे ठरवणारी माणसे असतात. ज्ञानाचा प्रश्न इथे कर्तव्याच्या प्रश्नाला येऊन भिडतो, आणि मानके लिहिणाऱ्यांनी तो निर्णय आकड्याच्या पोटात दडवू नये, उघड मांडावा, ही अपेक्षा रास्त आहे.

दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त चार्वाकाला दिलेले उत्तर या ठिकाणी उपयोगी पडते. उद्या, परदेशी, अन्यत्र नियम मोडेल अशी शंका घ्यायची तर ‘उद्या’ आणि ‘अन्यत्र’ आहेत हे तरी अनुमानानेच मानावे लागते. शंकेलाही अनुमानाचा आधार लागतो. आणि शंकेची सीमा व्यवहारातला व्याघात ही आहे: जे नाकारून कुणाला वागताच येत नाही, तिथे शंका थांबते. या उत्तराने प्रत्येक तुळई निर्दोष ठरत नाही. त्याने एवढेच ठरते की सर्वव्यापी शंका कामाची नाही. शंका नेमकी असावी. या ओंडक्याचा ओलावा किती, ही गाठ ताणाच्या बाजूला येणार का, हे झाड कुठल्या उतारावरचे, असे विचारणारी शंका तपासता येते आणि मिटवता येते.

जुन्या वाड्यांच्या लाकडात या सगळ्या गोष्टी एकत्र येतात. पाडलेल्या वाड्यातल्या तुळया पुन्हा बांधकामात घ्यायची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे, आणि ‘दीडशे वर्षे टिकली, आणखी काय परीक्षा हवी’ असे त्यासाठी सांगितले जाते. वात्स्यायनांनी ‘न्यायभाष्या’त सफल प्रवृत्तीला ज्ञानाच्या खरेपणाची खूण मानले आहे, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य आहे. तुळईने जो भार पेलला तो ती पेलू शकत होती, हे तिच्या स्वतःच्या इतिहासाने सिद्ध केले आहे, आणि असा पुरावा नव्या लाकडाजवळ नसतो. पण सिद्ध झाले ते तेवढ्याच भारापुरते आणि त्या काळापुरते. मातीच्या धाब्याऐवजी वर काँक्रीटचा थर येणार असेल, तुळई उलटी बसणार असेल, भिंतीत मुरलेले टोक ओलीने कुजले असेल, किंवा जुन्या खोबणी आता मधोमध येणार असतील, तर पक्ष बदलला. शिवाय जे वाडे उभे राहिले तेच डोळ्यांसमोर आहेत. कोसळले त्यांची लाकडे साक्षीला उरलेली नाहीत. अशा तुळईची टोके टोचून पाहणे, ठोकून आणि ध्वनीच्या वेगाने तिचा ताठपणा मोजणे, ओलावा पाहणे, आणि शक्य असेल तर त्याच वाड्यातली एखादी तुळई मोडून बाकीच्यांचा अंदाज बांधणे, हे करता येते. एकाच वाड्यातल्या तुळया बहुधा एकाच रानातून, एकाच हंगामात आलेल्या असतात, म्हणून ती एक मोडणे बाकीच्यांसाठी दूरच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा अधिक बोलके ठरते.